थांबण्याची ऐपत

उल्हासनगरचे पत्ते अजून फौजी आहेत. पाकिटावर ‘बीके नंबर अमुक, सेक्शन तमुक, उल्हासनगर १’ असं लिहिलं की पोस्टमनला पुरतं. बीके म्हणजे बराक. दुसऱ्या महायुद्धात इंग्रज सरकारने कल्याणच्या पलीकडे उल्हास नदीच्या अंगाला सैनिकांसाठी छावण्या उभारल्या होत्या. युद्ध संपलं, सैनिक गेले आणि १९४७ नंतर त्याच रिकाम्या बराकींत सिंधमधून आलेली कुटुंबं उतरवली गेली. माणसं लाखाच्या घरातली. लांबलचक बराकीत मधे गोणपाटं टांगायची आणि दोन गोणपाटांमधल्या जागेला घर म्हणायचं, अशी सुरुवात. ८ ऑगस्ट १९४९ रोजी गव्हर्नर जनरल चक्रवर्ती राजगोपालाचारी आले, त्यांनी वस्तीला उल्हासनगर हे नाव दिलं. छावण्यांचे आकडे मात्र कोणी पुसले नाहीत. एक ते पाच, आजही कॅम्पच.

शहाड स्टेशनात उतरून सेंच्युरी रेयॉनच्या बाजूने आत शिरलं की कॅम्प १ लागतो. मूळच्या बराकी आता शोधाव्या लागतात. एकेका बराकीचे तुकडे पडले, तुकड्यांवर माळे चढले, माळ्यांवर आणखी माळे. अखेर २००६ साली एकट्या या शहरातली अनधिकृत बांधकामं नियमित करायला विधिमंडळाला वेगळा कायदा करावा लागला. खाली दुकान, मागे कारखाना, वर बिऱ्हाड हा इथला साचा. रविवारी सकाळी दाल-पकवानच्या ठेल्यांभोवती गर्दी असते. कडक पकवान मोडून डाळीत बुडवायचं, वर चिंचेची चटणी आणि कांदा. तोंडं चालू असतात आणि हिशेबही. ‘साईं’ म्हणून सुरू झालेलं बोलणं बघता बघता मालाच्या भावावर नाहीतर कुणाच्या थकलेल्या उधारीवर येतं. या शहराने नकली मालाबद्दल सोसलेली चेष्टा, ‘मेड इन यूएसए’ म्हणजे उल्हासनगर सिंधी असोसिएशन, मुंबईकरांना तोंडपाठ आहे. ती चेष्टा करणाऱ्यांच्या घरातला पापड, बिस्किटं, लग्नातला कोट आणि पोराची जीन्स बऱ्याचदा याच कॅम्पांतून आलेली असते, ते सोडा.

या शहराची स्वतःबद्दलची एक आवडती कहाणी आहे. नेसत्या वस्त्रांनिशी आलो, कुणापुढे हात पसरला नाही, गोळ्या-बिस्किटं विकली आणि उभे राहिलो. कहाणी खरी आहे. पण सिंधी माणसाच्या यशाची उजळणी सुरू झाली की चौथ्या-पाचव्या नावाला जी. पी. सिप्पी येतात. ‘शोले’वाले सिप्पी. मग ती कहाणी त्यांनाही जशीच्या तशी चढवली जाते: सगळं गमावलेला माणूस, म्हणून कशाला भ्यायचा नाही, म्हणून तीन कोटींचा जुगार खेळला. इथे मला शंका येते. सगळं गमावलेली माणसं तर कॅम्प १ मध्ये बराकी भरून होती. त्यातला जवळजवळ प्रत्येक जण पुढे जपून पैसा लावणारा, रोजची विक्री रोज मोजणारा दुकानदार झाला. गमावल्याने माणूस धाडसी होतो हे खरं असतं तर उल्हासनगरात गल्लोगल्ली सिप्पी निपजले असते.

गोपालदास परमानंद सिपाहीमलानी यांचा जन्म १४ सप्टेंबर १९१४ चा, सिंधमधल्या हैदराबादचा. लांबलचक आडनावाचं ‘सिप्पी’ झालं आणि तेच टिकलं. फाळणीच्या वर्षी, १९४७ च्या जानेवारीत, त्यांचा मुलगा रमेश कराचीत जन्मला. पुढे वर्षभरात ते शहर परक्या देशात गेलं. सिप्पी कुटुंब मुंबईत आलं, बराकीत नव्हे. गेलेलं बरंच होतं, पण ओळखीपाळखी, व्यवहाराची जाण आणि पुन्हा भांडवल उभं करण्याची पत सोबत आली होती. मुंबईत त्यांनी बांधकामाच्या धंद्यात पाय रोवले. निर्वासितांच्या लोंढ्याने फुगत चाललेल्या शहरात घरं बांधणाऱ्याला काम कमी पडणार नव्हतं. सिंधी निर्वासित म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर एकच चित्र येतं. प्रत्यक्षात फाळणीने सगळ्यांना एका पातळीवर आणलं नाही. काहींच्या वाट्याला गोणपाटाचा पडदा आला आणि काहींच्या वाट्याला नवा धंदा सुरू करायला लागणारी सवड. पुढचं सगळं या सवडीतून आलं आहे.

बांधकामातून सिनेमात. पहिला चित्रपट ‘सज़ा’, १९५१. देव आनंद, निम्मी, संगीत सचिनदेव बर्मन यांचं, दिग्दर्शक फली मिस्त्री. सुरुवात अशी थाटाची. त्यानंतरची दहा वर्षं मात्र सिप्पींच्या चरित्रात कोणी फारशी वाचत नाही आणि मला तीच वाचनीय वाटतात, कारण या काळात त्यांनी स्वतः दिग्दर्शन करून पाहिलं. ‘मरीन ड्राइव्ह’, ‘श्रीमती ४२०’, ‘लाइट हाउस’, ‘भाई बहन’, १९६१ चा ‘मिस्टर इंडिया’. (हो, मोगॅम्बोवाल्या ‘मिस्टर इंडिया’च्या आधी सव्वीस वर्षं.) यातला एकही चित्रपट आज कोणाला आठवून सांगता येणार नाही. एखाद्या माणसाकडे पैसा असेल, सिनेमाची आवड असेल आणि आपणच दिग्दर्शक हा समज असेल तर तो आयुष्यभर वाईट सिनेमे काढू शकतो. आपल्याकडे तशी उदाहरणं हवी तेवढी. सिप्पी थांबले. १९६१ नंतर त्यांनी दिग्दर्शकाची खुर्ची दुसऱ्यांना दिली आणि स्वतः तिजोरीपाशी बसले. निर्माता म्हणून त्यांचा हा पहिला मोठा निर्णय, आणि तो त्यांनी स्वतःविरुद्ध घेतला.

तिजोरीपाशी बसणं म्हणजे काय, हे थोडं सांगायला हवं. सिनेमाला ‘उद्योग’ असा दर्जा केंद्र सरकारने १९९८ साली दिला. त्याआधीची पन्नास वर्षं बँका या धंद्याला दारात उभं करत नसत. स. का. पाटलांच्या अध्यक्षतेखालच्या समितीने १९५१ मध्येच या धंद्यातल्या सट्टेबाज पैशाबद्दल सरकारला सावध केलं होतं. १९६० मध्ये फिल्म फायनान्स कॉर्पोरेशन निघालं, पण सिप्पींसारख्यांच्या सिनेमाचा गाडा त्यावर चालणारा नव्हता. पैसा यायचा तो हुंडीवर. शिकारपूरचे सिंधी सावकार एके काळी मध्य आशियापर्यंत हुंड्या वटवायचे. मुंबईच्या बाजारात त्यांना ‘मुलतानी’ म्हणत, आणि त्यांच्या पैशावर कापड चालायचं तसा सिनेमाही चालायचा. व्याज जबर, मुदत थोडी. उरलेला पैसा वितरकाचा. वितरक देशाचे तुकडे करून चित्रपट विकत घ्यायचे. त्या तुकड्याला टेरिटरी म्हणतात आणि टेरिटरीच्या नकाशात महाराष्ट्र हे राज्यच नाही. मुंबई, कोकण, पश्चिम महाराष्ट्र, गुजरात ही ‘बॉम्बे’, मराठवाडा ‘निझाम’मध्ये, विदर्भ ‘सी. पी. बेरार’मध्ये. संयुक्त महाराष्ट्र झाला, निझाम गेला, बेरार हे नाव पाठ्यपुस्तकात उरलं, पण पिक्चरच्या सौद्यात ते अजून जिवंत आहे.

वितरक एम. जी. द्यायचा, म्हणजे मिनिमम गॅरंटी. चित्रपट चालो न चालो, इतकी रक्कम निर्मात्याची. ती हप्त्यांनी मिळायची: मुहूर्ताला थोडी, अर्धं चित्रण झाल्यावर थोडी, शेवटची डबे ताब्यात देताना. नटांची नावं बघून वितरक सही करणार, सही बघून सावकार पैसे देणार, पैसे बघून नट तारखा देणार. यात निर्माता मधोमध उभा, सगळ्यांना ‘होईल साहेब’ म्हणत. चित्रीकरण एक महिना लांबलं की व्याजाचा महिना वाढला. म्हणून हिंदी सिनेमातला सर्वांत महाग कच्चा माल फिल्म नाही, नट नाही, वेळ आहे.

आपल्याकडे, मराठीत, निर्मात्याबद्दल एक वेगळंच प्रेम आहे. ‘राजा हरिश्चंद्र’साठी फाळक्यांनी विम्याची पॉलिसी गहाण टाकली, सरस्वतीबाईंचे दागिने गेले, हे आपण अभिमानाने सांगतो. १९४८ च्या जाळपोळीत भालजी पेंढारकरांचा कोल्हापूरचा जयप्रभा स्टुडिओ जळाला आणि ते पुन्हा उभे राहिले, हे आपण गहिवरून सांगतो. बुडालेला निर्माता आपल्याला कलावंत वाटतो. ज्याला नफा झाला तो शेठजी. दादा कोंडक्यांनी ‘सोंगाड्या’पासून एकामागून एक रौप्यमहोत्सव केले तेव्हासुद्धा त्यांच्या हिशेबीपणाबद्दल कौतुकाने लिहिणारे थोडेच निघाले. हा चष्मा उतरवल्याशिवाय सिप्पी दिसत नाहीत. त्यांनी दागिने गहाण टाकल्याची गोष्ट नाही. त्यांनी सौदे केले, आणि सौदे कधी मोडायचे नाहीत हे त्यांना कळत होतं.

साठच्या दशकात त्यांचं बस्तान बसलं. १९६५ चा ‘मेरे सनम’; मग १९६८ चा ‘ब्रह्मचारी’, शम्मी कपूर आणि घरभर अनाथ मुलं. त्या वर्षीचं उत्कृष्ट चित्रपटाचं फिल्मफेअर ‘ब्रह्मचारी’ला मिळालं. पाठोपाठ ‘बंधन’. (याच काळात दुसरे सिप्पीही जोरात होते, एन. एन.; ‘वह कौन थी?’ आणि पुढे ‘कालिचरण’ त्यांचे. लोक आजही दोघांची गल्लत करतात.) दरम्यान रमेश मोठा झाला होता. बापाच्या सेटवर लहानपणापासून वावरलेला, १९५३ च्या ‘शहंशाह’मध्ये बालनट म्हणून उभा राहिलेला, मग सहायक म्हणून फळी उचलणारा. १९७१ मध्ये चोविसाव्या वर्षी वडिलांनी त्याला ‘अंदाज़’ दिला. विषय विधवेच्या पुनर्विवाहाचा, नायक ओसरता शम्मी कपूर. तारुण्याच्या जोशात दिग्दर्शक मागेल असा हा विषय नव्हे. चालला. सिप्पी फिल्म्सने कथा विभाग ठेवला होता आणि त्यात सलीम खान व जावेद अख्तर ही जोडी पगारावर होती. त्या काळी लेखकाला महिन्याचा पगार देणं ही चैन समजली जायची. लेखक म्हणजे सेटवर कोपऱ्यात बसून दुपारच्या सीनचे संवाद लिहिणारा इसम. १९७२ च्या ‘सीता और गीता’ने तो पगार सव्याज वसूल झाला.

मग या जोडीने चार ओळींची एक कल्पना आणली. सैन्यातून निवृत्त झालेला अधिकारी, त्याच्या कुटुंबाची कत्तल, सूडासाठी भाड्याने घेतलेले दोन जण. ती दुसरीकडेही फिरून आली होती. सिप्पींनी ती घेतली. हाच ‘शोले’. कागदावर येईपर्यंत सैन्याधिकाऱ्याचा पोलीस अधिकारी झाला, ठाकूर. खर्चाचा अंदाज एक कोटी. ३ ऑक्टोबर १९७३ रोजी बंगळूरपासून तासाभराच्या अंतरावर, रामनगरच्या खडकाळ टेकड्यांत चित्रण सुरू झालं.

चित्रपटातलं रामगढ नावाचं गाव तिथे नव्हतं. ते राम येडेकरांनी बांधलं. कलादिग्दर्शक म्हणजे पुठ्ठ्याच्या भिंती रंगवणारा असा ज्यांचा समज आहे त्यांनी हे काम नीट पाहावं: घरं, मशीद, मंदिर, पाण्याची टाकी, आणि सामान नेता यावं म्हणून हमरस्त्यापासून सेटपर्यंत खास काढलेला रस्ता. दीडदोन वर्षं मुंबईची फौज तिथे इतकी रुळली की रामनगरच्या त्या भागाला लोक काही काळ ‘सिप्पीनगर’ म्हणू लागले. सिंध सुटलेल्या माणसाच्या नावाची वस्ती कर्नाटकात, आणि तीही बनावट गावाभोवती. कॅम्प १ ची फौजी छावणीची वस्ती आठवली की यातली गंमत आणखी गडद होते.

एक छोटा प्रसंग बघा. संध्याकाळ. ठाकूरच्या वाड्याच्या गच्चीवर तरुण विधवा एकेक दिवा मालवते आहे. समोरच्या आउटहाउसच्या पायरीवर भाडोत्री गुंड माउथ ऑर्गन वाजवतो आहे. संवाद नाही. पडद्यावर हे मिनिट-दोन मिनिटांत उरकतं. सूर्य बुडाल्यावर आणि काळोख पडण्याआधी जो उजेड असतो त्याच उजेडात हे घ्यायचं असं रमेश सिप्पी आणि छायालेखक द्वारका दिवेचा यांनी ठरवलं. तो उजेड रोज काही मिनिटं टिकतो. एक दोन शॉट झाले की दिवस संपला. कधी ढग आडवा आला, कधी दिवा भलत्या वेळी विझला, कधी कोणी चुकून चौकटीत शिरलं. अशी करत करत या प्रसंगाला सुमारे वीस दिवस लागले. बाकीच्या दिवसभर युनिटचा भत्ता, जेवण, गाड्या, जनरेटर चालूच. हुंडीचं व्याजही चालूच. कुठल्याही जाणत्या निर्मात्याने दुसऱ्या संध्याकाळी फोन करून सांगितलं असतं, दुपारी घ्या आणि भिंगापुढे फिल्टर लावा. तो फोन आला नाही. वडील पाठीशी उभे राहिले, हे रमेश सिप्पींनी नंतर वेळोवेळी सांगितलं आहे.

रेल्वेवरच्या दरोड्याचा प्रसंग आपल्या अंगणातला. तो पनवेलजवळ चित्रित झाला आणि त्याला सात आठवडे लागले. मारामारीसाठी इंग्लंडहून माणसं आणली, कारण घोडे, गाडी आणि नट यांपैकी कोणाचंच हाड मोडू नये अशी इच्छा होती. चित्रपट ३५ मिमीवर घेऊन ७० मिमीवर मोठा करायचा, आवाज स्टिरिओफोनिक करायचा, त्यासाठी लंडन. एक कोटीचे तीन कोटी झाले.

संकलक एम. एस. शिंदे यांच्या टेबलावर तीन लाख फुटांच्या आसपास फिल्म येऊन पडली. त्यातून साडेतीन तासांच्या आतला चित्रपट काढायचा. ‘शोले’ला फिल्मफेअरची नऊ नामांकनं मिळाली आणि पुरस्कार एकच मिळाला, तो शिंद्यांना. येडेकर, शिंदे, कालियाच्या भूमिकेतले विजू खोटे, इमामसाहेबांच्या मुलाच्या भूमिकेतला सचिन: त्या तीन कोटींतली मराठी मेहनत मोजायला बसलं तर यादी लांबते. आणि सिंधी मेहनतही. सांभाचं काम करणारे मॅकमोहन म्हणजे मोहन माकिजानी, कराचीत जन्मलेले. जेलर झालेले असरानी जयपूरच्या सिंधी घरातले.

२५ जून १९७५ ला आणीबाणी आली. चित्रपटाच्या मूळ शेवटात हात तुटलेला ठाकूर डाकू गब्बरला ठार करतो. सेन्सॉरला हे पटलं नाही: निवृत्त असला तरी पोलीस अधिकारी कायदा हातात घेतो कसा? प्रदर्शन १५ ऑगस्टला ठरलेलं, थोडेच आठवडे हातात. सगळे पुन्हा रामनगरला गेले आणि पोलीस वेळेवर पोहोचतात असा शेवट घेतला. लढता आलं असतं का? आणीबाणीत कोणत्या कोर्टात? आणि लढणं म्हणजे तारीख पुढे जाणं. वीस संध्याकाळी एका उजेडासाठी थांबलेला निर्माता इथे एक दिवसही थांबला नाही. मला या दोन निर्णयांत विरोध दिसत नाही. कुठे थांबल्याने चित्रपट वाढतो आणि कुठे थांबल्याने फक्त व्याज वाढतं, हे ज्याला वेगळं करता येतं तो निर्माता.

पहिल्या आठवड्यात चित्रपट पडल्याची आवई उठली. थिएटरात शिट्ट्या नाहीत, टाळ्या नाहीत. धंद्यातल्या पत्रांनी मर्तिकाची भाषा सुरू केली. तातडीची बैठक बसली. भाड्याने घेतलेल्या दोघांपैकी जय मरतो हे लोकांना आवडलेलं नाही, त्याला जिवंत ठेवणारा शेवट पुन्हा घेऊ, इथवर बोलणं गेलं. मग ठरलं की सोमवारपर्यंत वाट पाहू. सलीम-जावेद यांनी तर वर्तमानपत्रात जाहिरात दिली की हा चित्रपट प्रत्येक मोठ्या टेरिटरीत एक कोटीचा धंदा करेल. खरी बातमी आली ती वरळीच्या गीता टॉकीजमधून. तिथल्या मालकाने रमेश सिप्पींना सांगितलं की आपलं आइस्क्रीम आणि थंड पेयं खपत नाहीत, कारण लोक खुर्ची सोडून बाहेरच येत नाहीत. शिट्टी नव्हती कारण लोक थक्क होऊन बसले होते. मुंबईच्या मिनर्व्हा थिएटरात ‘शोले’ पाच वर्षांहून अधिक काळ चालला. पॉलिडोर कंपनीने गाण्यांच्या जोडीला संवादांच्याही तबकड्या काढल्या आणि त्या गणपतीच्या मांडवांतून वाजल्या.

आता दुसरा सिंधी निर्माता. फतेहचंद रामसिंघानी यांचं फाळणीपूर्वी कराचीत रेडिओचं दुकान होतं. गोऱ्या गिऱ्हाइकांनी त्यांचं ‘रॅमसे’ केलं. मुंबईत लॅमिंग्टन रोडला पुन्हा रेडिओचंच दुकान. त्यांनीही सिनेमात पैसा घातला. १९७० चा ‘एक नन्ही मुन्नी लड़की थी’ कोसळला, पण मुलांनी थिएटरात एक गोष्ट टिपली: पृथ्वीराज कपूर भयानक मुखवटा घालून चोरी करतात तेवढ्या प्रसंगाला लोक येतात. मग फक्त तेवढंच का विकू नये? सात मुलगे. कुणी कॅमेरा धरला, कुणी आवाज, कुणी कात्री, कुणी पटकथा, तुलसी आणि श्याम यांनी दिग्दर्शन. १९७२ च्या ‘दो गज ज़मीन के नीचे’साठी सगळं खटलं बसमध्ये बसून महाबळेश्वरला गेलं, तिथेच राहिलं, घरच्यांनीच रांधलं, आणि साधारण चाळीस दिवसांत, साडेतीन लाखांत चित्रपट घेऊन परत आलं. इथे सेट बांधायचा नाही, आहे तो बंगला वापरायचा. उजेडाची वाट पाहायची नाही. भुताला अंधार चालतो.

कॅम्प १ च्या बाजारात उभं राहिलं की मला सिप्पी नव्हे, रॅमसे ओळखीचे वाटतात. मागे कारखाना, पुढे दुकान, घरातला प्रत्येक हात कामाला, माल झटपट काढायचा आणि पैसा पुन्हा फिरवायचा. हे उल्हासनगरचंच तंत्र आहे. त्यात बुद्धी कमी नाही, धाडसही कमी नाही. थांबण्याची ऐपत तेवढी नाही. सिप्पींपाशी ती होती आणि ती बांधकामातल्या पैशातून, वीस वर्षांच्या पतीतून, ‘सीता और गीता’च्या गल्ल्यातून आलेली होती. शून्यातून आली नव्हती. रॅमसेंची नावं शाबासकीच्या यादीत कोणी घेत नाही, हा त्या यादीचा दोष.

‘शोले’नंतरचं थोडक्यात आटपतं. ‘शान’ला आणखी पैसा लावला, समुद्रातलं बेट उभं केलं, अपेक्षेइतकं परत आलं नाही. १९८५ चा ‘सागर’. नव्वदच्या दशकात ‘राजू बन गया जेंटलमन’. निर्मात्यांच्या संघटनांचं नेतृत्व जी. पी. वर्षानुवर्षं करत राहिले, सरकारशी करांवरून भांडत राहिले. २५ डिसेंबर २००७ रोजी, त्र्याण्णवाव्या वर्षी ते गेले.

सिप्पींच्या गाजलेल्या चित्रपटांत सिंध कुठेही नाही. रमेश सिप्पींनी १९८६ मध्ये दूरदर्शनसाठी फाळणीची मोठी कथा केली, ‘बुनियाद’, तीही लाहोरच्या पंजाबी कुटुंबाची. यात स्वत्व सोडल्याचा आरोप करणं सोपं आहे. मी तो करणार नाही. सिंधी चित्रपटाला टेरिटरीच नाही. १९५८ मध्ये ‘अबाणा’ निघाला, त्यात कोवळी साधना होती, शीला रमाणी होती. पण तो दाखवायचा कुठे? उल्हासनगर, पुण्याची पिंपरी, कोल्हापूरजवळचं गांधीनगर, अहमदाबादचं कुबेरनगर, अजमेर, इंदूर. प्रेक्षक अशा वस्त्यांत विखुरलेला आणि कुठल्याही एका वितरकाला एम. जी. भरायला परवडेल इतका एका जागी नाही. उल्हासनगर हे त्यातलं सर्वांत मोठं केंद्र, तरी तेही बॉम्बे टेरिटरीतलं एक ठाणं. इथे साधनाची ओळख राहिली ती तिच्या हिंदी चित्रपटांमुळे.

जी. पी. गेल्यावर घरात ‘शोले’वरून खटले सुरू झाले. रमेश सिप्पींनी ‘शोले’च्या त्रिमिती आवृत्तीला हरकत घेतली, ती मुंबई उच्च न्यायालयापासून सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेली, आणि जानेवारी २०१४ मध्ये त्रिमिती ‘शोले’ प्रदर्शित झाला. १९५७ च्या कॉपीराइट कायद्यात चित्रपटाचा ‘लेखक’ म्हणजे दिग्दर्शक नव्हे, निर्माता. म्हणजे चित्रपट ज्याने उजेडाची वाट पाहिली त्याचा नाही. ज्याने वाट पाहण्याचे पैसे भरले त्याचा. कायद्याची ही व्याख्या दिग्दर्शकांना झोंबते आणि त्यांचं झोंबणं मला समजतं. पण त्या वीस संध्याकाळी कोणाच्या होत्या, या प्रश्नाचं याहून सोपं उत्तर माझ्याकडे नाही. रामगोपाल वर्मांनी २००७ मध्ये ‘आग’ काढून याच जमिनीवर अतिक्रमण केलं, त्याबद्दल २०१५ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने दहा लाखांची भरपाई बसवली.

२७ जून २०२५ रोजी इटलीतल्या बोलोन्या शहरात, उघड्या चौकात, डागडुजी केलेला ‘शोले’ दाखवला गेला. काम फिल्म हेरिटेज फाउंडेशनने सिप्पी फिल्म्ससोबत केलं. मूळ निगेटिव्ह खराब झालेली होती. इंग्लंडातल्या एका गोदामात ठेवलेल्या दुय्यम प्रतींवरून पुष्कळसा चित्रपट पुन्हा जुळवला. सेन्सॉरने अडवलेला शेवट त्यात परत बसवला आहे: ठाकूर गब्बरला मारतो. पन्नास वर्षांनी तारखेची घाई नव्हती आणि व्याजही चालू नव्हतं.

चित्रपटावरचा हक्क प्रदर्शनानंतरच्या कॅलेंडर वर्षापासून साठ वर्षं टिकतो. ‘सज़ा’ केव्हाच मोकळा झाला आहे. ‘शोले’ची मुदत ३१ डिसेंबर २०३५ ला संपते. १ जानेवारीपासून कॅम्प १ मधला कोणीही सिप्पींना न विचारता तो उल्हासनगरच्या गोल मैदानावर पडदा लावून दाखवू शकेल, आणि तिकीटही लावू शकेल.